नंदाच्या वाटेवरचं रूपकुंड

आपल्या इतिहासाच्या गप्पांमध्ये आजवर आपण गड पाहिले, बारवा पाहिल्या, राण्यांच्या कहाण्या ऐकल्या. आज आम्ही तुम्हाला जरा लांब घेऊन जाणार आहोत. उत्तराखंडात चमोली नावाचा जिल्हा आहे. त्या जिल्ह्यात हिमालयाच्या कुशीत एक तळं आहे, रूपकुंड. तळं लहान आहे, पण त्याची गोष्ट फार मोठी आहे. आणि ती गोष्ट शेवटी आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचते. कशी, ते ऐका.

आधी तळं किती उंचावर आहे ते सांगतो. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. आता कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवा आणि तिच्या डोक्यावर तिसरी. तरी रूपकुंड थोडं वरच राहतं. ते समुद्रसपाटीपासून साधारण 5,000 मीटरवर आहे. रुंदी मात्र जेमतेम 40 मीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शेततळ्याएवढी. पाणीही फार खोल नाही. वर्षातले बरेच महिने ते गोठलेलंच असतं. पावसाळ्याच्या शेवटी बर्फ वितळतं, तेव्हा थोडे दिवस पाणी दिसतं. वर त्रिशूल पर्वत, 7,120 मीटरचा. शेजारी नंदा घुंटी. या दोन शिखरांच्या पायथ्याशी दगडधोंड्यांच्या खोलगट वाटीत हे हिरवट निळं पाणी पडलेलं असतं.

तिथे पोचायची वाटही सुंदर आहे. खाली वाण नावाचं गाव लागतं, वाटेवरचं शेवटचं गाव. तिथून देवदार, बांज आणि बुरांशचं जंगल. बुरांशला वसंतात लालभडक फुलं येतात. जंगल संपलं की अचानक उघडं गवताळ रान लागतं. पहाडी लोक त्याला बुग्याल म्हणतात. बेदिनी बुग्याल आणि आली बुग्याल ही दोन रानं तर डोळ्यांत मावत नाहीत एवढी मोठी. उन्हाळा लागला की खालच्या गावांतली माणसं गुरं-मेंढरं घेऊन तिथे चरायला जातात. त्याच्याही वर गेलं की गवत विरळ होतं, दगड सुरू होतात आणि पावसाळ्यात त्या दगडांच्या खबदाडीत ब्रह्मकमळ फुलतं.

आता या तळ्याची पहिली गोष्ट. नंदा ही त्या डोंगराची लेक. तिचं लग्न शिवाशी झालं, म्हणून सासर कैलासावर. माहेर खालच्या हिरव्या गावांत. माहेराला गढवाली बोलीत ‘मैत’ म्हणतात आणि सासरी नांदणाऱ्या लेकीला ‘ध्याणी’. माहेरपण संपवून नंदा सासरी निघाली. वाटेत तिला तहान लागली. पाणी कुठे नाही. तेव्हा शिवाने त्रिशूळ मारून पाणी काढलं. ओंजळ भरायला नंदा खाली वाकली, तर पाण्यात तिला आपलं रूप दिसलं. म्हणून ते रूपकुंड.

मैत्रिणींनो, सासरी निघालेली लेक वाटेत थांबते, पाणी पिते आणि स्वतःचं तोंड पाहते. या गोष्टीत आपल्याला काही नवं वाटत नाही, कारण आपल्या जात्यावरच्या ओव्यांत हीच वाट आहे. माहेरची वाट जाताना सोपी आणि येताना जड. गढवालच्या बायका नंदाला देवी मानतात, पण तिची गाणी म्हणताना रडतात मुलीसाठी. कैलासावर थंडी आहे, तिथे शेत नाही, नवरा अंगाला राख फासून बसलेला, अशी काळजी त्या गाण्यांतून करतात. डोली दारात आली की तिला काकडी, मका, बांगड्या, टिकली असं जे घरात असेल ते देतात. लेकीला रिकाम्या हाताने कशी लावणार?

दिवसही पाहा. नंदाष्टमी येते भाद्रपद शुद्ध अष्टमीला. म्हणजे आपल्याकडे ज्येष्ठा गौरी माहेरपणाला येतात त्याच सुमाराला. इकडे आपण खडे वेचून, पावलं काढून गौरी घरात आणतो, भाजीभाकरीचा नैवेद्य दाखवतो. तिकडे त्याच दिवसांत हजारभर कोसांवरच्या बायका आपल्या गौरीची पाठवणी करत असतात. दोघी एकच, पार्वती.

या पाठवणीची मोठी यात्रा असते. तिला नंदा देवी राजजात म्हणतात. रीत बारा वर्षांनी निघायची, पण पाऊस, बर्फ, आपत्ती यांमुळे अंतर कमीजास्त होतं. अलीकडच्या काळात ती 1968, 1987, 2000 आणि 2014 या वर्षी निघाली. मागची यात्रा खरं तर 2013 साली व्हायची होती, पण त्या वर्षी उत्तराखंडात महापूर आला म्हणून वर्षभर पुढे गेली. कर्णप्रयागजवळच्या नौटी गावातून निघून साधारण 280 किलोमीटर पायी. पुढे चालतो चार शिंगांचा मेंढा, त्याच्या पाठीवर नंदाचं सामान. सोबत रिंगाळाच्या बांबूच्या मोठ्या छत्र्या. वाण गावात नंदाचा भाऊ लाटू देवता भेटतो. त्याचं देऊळ वर्षातून एकदाच उघडतं आणि पुजारी डोळ्यांना पट्टी बांधून आत जातो. आपल्याकडे बहिणीला माहेरी न्यायला मुराळी येतो. इथे भाऊ बहिणीला सासरच्या वाटेला लावून देतो. यात्रा बेदिनी, पातर नचौणी, कैलू विनायक, बगुवाबासा करत रूपकुंडावर येते. तिथून ज्यूंरा गलीची अवघड खिंड ओलांडून खाली होमकुंडाला जाते. होमकुंडावर मेंढा मोकळा सोडतात. तो एकटा हिमशिखरांकडे निघतो आणि माणसं मागे फिरतात.

इथवर सगळं गोड आहे. पण या तळ्याची दुसरी गोष्टही आहे.

1942 साली वनखात्याचे रेंजर एच. के. मधवाल या भागात फिरत होते. बर्फ वितळलेलं होतं आणि तळ्याच्या काठाला माणसांची हाडं पडलेली दिसली. एक नाही, दोन नाही, काही शे माणसांची. कवट्या, मांडीची हाडं, चपला. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं, म्हणून आधी शंका आली की हे चोरून आलेले जपानी सैनिक असावेत. पण हाडं जुनी निघाली. मग कुणी म्हणालं तिबेटवर गेलेलं सैन्य वाटेत मेलं असेल. कुणी म्हणालं व्यापाऱ्यांचा तांडा असेल. कुणी म्हणालं साथ आली असेल.

गावकऱ्यांना मात्र उत्तर ठाऊक होतं. ते पिढ्यान्‌पिढ्या गाण्यातून चालत आलेलं होतं. ते असं. कनौजचा राजा जसधवल राजजातेला निघाला. सोबत गरोदर राणी बलंपा, दास-दासी, सैन्य आणि नाचणाऱ्या बायका. देवीच्या वाटेवर साधेपणाने जायचं सोडून राजाने थाटमाट केला. एका माळावर नाच लावला. देवी कोपली आणि नाचणाऱ्या बायका तिथेच दगड झाल्या. तो माळ पातर नचौणी. पातर म्हणजे नर्तकी. पुढे एका कड्याच्या आडोशाला राणी बाळंत झाली. त्या जागेला अजून राणीच्या बाळंतपणाचं नाव आहे. देवीच्या पवित्र जागेत सोयर झालं, विटाळ झाला. नंदाने लोखंडासारख्या गारा पाडल्या. राजा, राणी, बाळ, सगळा लवाजमा रूपकुंडाच्या काठाला मरून पडला.

आणि या गोष्टीमागून नियम आले. वाण गावाच्या पुढे बायकांनी यात्रेत जायचं नाही. चामडं न्यायचं नाही. ज्या देवीला बायका आपली लेक म्हणून नटवतात, जिच्यासाठी रडतात, तिच्या पाठवणीला शेवटपर्यंत जायचं ते पुरुषांनी.

आम्ही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमच्या मनात एकच हिशेब आला. गोष्टीत चूक कुणाची? थाट राजाने केला. नाच राजाने ठेवला. नऊ महिने भरत आलेल्या बाईला 5,000 मीटर उंचीवर चालवत नेलं तेही राजानेच. दगड कोण झालं? नाचणाऱ्या बायका. ठपका कुणावर आला? बाळंतिणीवर. आणि वाट कुणाची बंद झाली? पुढच्या सगळ्या बायकांची.

आता शास्त्र काय म्हणतं ते पाहू. या हाडांचा अभ्यास अनेकांनी केला. त्यात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधकही होते आणि हैदराबादची सीसीएमबी ही मोठी प्रयोगशाळाही. 2004 च्या सुमाराला तपास झाला तेव्हा काही कवट्यांवर वरून मार बसल्याच्या खुणा दिसल्या. गोल, जड वस्तू डोक्यावर आदळावी तशा. मोठ्या गारांनी हे होऊ शकतं, असा अंदाज निघाला. उघड्या डोंगरात लपायला ना झाड ना छप्पर. म्हणजे गाण्यातल्या लोखंडी गारा अगदीच खोट्या नव्हत्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या माणसांनी एक खरी आठवण गाण्यात बांधून शतकानुशतकं जपली होती. त्याचा मान ठेवलाच पाहिजे. त्याच वेळी बातम्यांत असंही आलं की यातल्या काहींचं नातं आपल्याकडच्या कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतं. महाराष्ट्रात त्याची बरीच चर्चा झाली.

पण तपास तिथे थांबला नाही. 2019 साली मोठं संशोधन प्रसिद्ध झालं. भारतातल्या आणि परदेशातल्या संशोधकांनी मिळून 38 माणसांच्या हाडांतला डीएनए तपासला. डीएनए म्हणजे आईबापांकडून आलेली, शरीराच्या कणाकणात लिहिलेली वंशाची नोंद. आपल्या सातबाऱ्यावर जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते दिसतं ना, तसंच काहीसं.

त्यातून निघालं ते ऐकून सगळेच चकित झाले. 38 पैकी 23 माणसं आपल्या भारतीय उपखंडातली. पण तीही एका जातीची, एका जमातीची, एका प्रदेशाची नव्हती. वेगवेगळ्या ठिकाणची होती. त्यामुळे एकाच समाजाशी नातं जोडायचा आधीचा अंदाज मागे पडला. ही माणसं साधारण 1,200 वर्षांपूर्वीची आणि तीही एकाच दिवशी मेलेली नाहीत. वेगवेगळ्या वेळी मेलेली. दुसऱ्या गटात 14 माणसं, ती थेट भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची, ग्रीस आणि क्रीट बेटाकडच्या लोकांशी नातं सांगणारी. तीही फार जुनी नाहीत, इसवी सन 1800 च्या आसपासची. आणि एक माणूस आग्नेय आशियातला. ती ग्रीसकडची माणसं हिमालयातल्या या तळ्यावर कशी आली, याचं उत्तर अजून संशोधकांनाही मिळालेलं नाही.

हाडांवरून माणूस काय खात होता तेही कळतं. गहू, तांदूळ, जव यांची खूण हाडात वेगळी उमटते; ज्वारी, बाजरी, नाचणी यांची वेगळी. भारतीय गटातल्या माणसांचं खाणं एकसारखं नव्हतं. कुणी भरडधान्यावर वाढलेलं, कुणी नाही. म्हणजे वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या चुलीची माणसं त्या वाटेवर आली होती. कुणी कुणाचं जवळचं नातेवाईकही नव्हतं. साथीच्या रोगाची खूण सापडली नाही. लढाईच्या जखमा नाहीत.

आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा. त्या 38 मध्ये 23 पुरुष होते आणि 15 बायका.

पंधरा बायका, मैत्रिणींनो. म्हणजे जुन्या काळी त्या उंचीवर बायका जात होत्या. सैन्यात एवढ्या बायका नसतात. व्यापाराच्या तांड्याचीही काही खूण तिथे नाही. संशोधकांना वाटतं की भारतीय गटातली निदान काही माणसं यात्रेकरू असावीत, कारण आसपासच्या देवळांत आठव्या ते दहाव्या शतकातले शिलालेख आहेत. म्हणजे नंदाच्या वाटेवर भाविकांची ये-जा तेव्हापासून असू शकते. त्या भाविकांत बायका होत्या. बाराशे वर्षांपूर्वी एखादी बाई काठी टेकत, धापा टाकत त्या बर्फाच्या वाटेने वर गेली असेल. तिला तेव्हा कुणी वाणच्या वेशीवर अडवलं नसेल. त्या वाटेवर तिचा हक्क पुढे आलेल्या नियमाहून जुना आहे, असं आम्हाला वाटतं.

आता राणीच्या ठपक्याचं बघा. गोष्ट म्हणते की एका बाळंतपणाने एका दिवसात सगळे मेले. हाडं म्हणतात की माणसं वेगवेगळ्या वेळी मेली, दोन मोठ्या गटांमध्ये तर जवळजवळ हजार वर्षांचं अंतर आहे. हजार वर्षांच्या मरणांचा दोष एका बाळंतिणीवर कसा टाकता येईल? ती वाटच धोक्याची आहे. उंचावर हवा विरळ होते, अचानक वादळ येतं, गारा पडतात, पाय घसरतो. बाराशे वर्षांपूर्वी हे होत होतं आणि आजही होतं. निसर्गाने केलेलं माणसाने बाईच्या नावावर लिहिलं.

आणि हे फक्त चमोलीत झालं असं समजू नका. पाऊस पडला नाही की कुणाची पाळी आठवते, वीज पडली की कुणाचा पायगुण आठवतो, जनावर दगावलं की नव्या सुनेकडे बोट जातं. आमच्या बैठकांमध्ये अजून एखादी बाई हप्ता दुसरीच्या हाती पाठवते आणि स्वतः ओसरीच्या बाहेर उभी राहते. विचारलं तर हळूच म्हणते, अडचण आहे. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत ठेवणारी घरं आपल्याच भागात आहेत. राणी बलंपाची गोष्ट म्हणून आम्हाला परकी वाटत नाही.

मग ती गोष्ट टाकून द्यायची का? आम्हाला तसं वाटत नाही. लोककथेत खूप काही साठवलेलं असतं. गारांची आठवण होती, उंच जागी गाजावाजा करू नये हे शहाणपण होतं. आपल्या कळसूबाईचीच गोष्ट घ्या. कळसू नावाची मुलगी घरकामाला राहिली ती अट घालून, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. लोकांनी तेच काम सांगितलं तेव्हा ती उठली आणि डोंगरावर निघून गेली. त्या गोष्टीत बाईची अट आहे आणि अट मोडणाऱ्यांना सोडून जायची हिंमतही आहे. गोष्ट जपायची, पण ऐकताना विचारायचं की दोष कुणावर टाकलाय आणि का. तांदूळ निवडतो तशी गोष्टही निवडायची. खडा काढायचा, दाणा ठेवायचा.

त्या डोंगरातल्या बायकांनी हे करून दाखवलंय. अलीकडच्या राजजातांमध्ये बायका वाणच्या पुढेही गेल्या. याच चमोली जिल्ह्यात रैणी गाव आहे. तिथे 26 मार्च 1974 रोजी महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवी 27 बायकांना घेऊन जंगलात गेल्या आणि झाडांना मिठी मारून त्यांनी तोडायला आलेल्यांना परत पाठवलं. गावचे पुरुष त्या दिवशी बाहेर होते. त्या बायका म्हणत होत्या की हे जंगल आमचं माहेर आहे. तेच चिपको आंदोलन. पुढे 1995 साली याच जिल्ह्यातल्या ग्वालदम इथे कल्याणसिंह रावत या शिक्षकांनी ‘मैती’ चळवळ सुरू केली. मैती म्हणजे माहेरचे. लग्नात नवरी-नवरदेव एक झाड लावतात आणि मुलगी सासरी गेली की माहेरच्या मुली ते झाड सांभाळतात. नंदाच्या पाठवणीचा अर्थ त्यांनी असा पुढे नेला.

तळ्याचं आज काय चाललंय तेही सांगायला हवं. रूपकुंडाचं नाव झालं तशी गिर्यारोहकांची गर्दी झाली. लोकांनी आठवण म्हणून तिथली हाडं उचलून नेली. विचार करा, कुणाच्या तरी आजीची हाडं कुणाच्या तरी कपाटात. बुग्यालांवर तंबूंची दाटी झाली, कचरा साचला, गवत तुडवलं गेलं. वाटेवरच्या लोकांनीच न्यायालयात धाव घेतली. 2018 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. त्याने गावातल्या वाटाड्यांचा आणि खेचरवाल्यांचा रोजगार अडला हेही खरं. रान राहिलं पाहिजे आणि चूलही पेटली पाहिजे. हा हिशेब त्यांच्याकडे चालू आहे, तसा आपल्याकडेही गडांच्या आणि देवस्थानांच्या पायथ्याशी चालू आहेच.

पुढच्या बैठकीत वसुली झाली, वही बंद झाली की अर्धा तास राखून ठेवा. गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीला विचारा की आपल्या गावच्या तळ्याची, डोंगराची, देवीची गोष्ट काय आहे. ती जशी सांगेल तशी लिहून घ्या, बदलू नका. मग सगळ्यांनी मिळून विचार करा की या गोष्टीत बाई कुठे उभी आहे, वाटेवर की वेशीबाहेर. लिहिलेलं आमच्याकडे पाठवा, आम्ही रेडिओवर वाचू. आणि त्या बैठकीला जिला ‘अडचण’ असेल तिला हाताला धरून आत आणा, आपल्या शेजारी सतरंजीवर बसवा.